फॉर्ममधली लाल चांदणी



आज सॉफ्टवेअरबद्दल बोलणार आहे, पण रेडिओ लगेच बंद करू नका. गोष्ट आपल्या मंडळाची आहे, एका काकूंची आहे, आणि चूक माझी आहे.

मंडळाचा नोंदणीचा फॉर्म तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी भरलाय. गणपती, दिवाळी, संक्रांत, मुलांची मराठी शाळा, सगळ्याला तोच. आठ वर्षांपूर्वी दोन शनिवार-रविवार बसून तो मी लिहिला. त्याआधी नावं व्हॉट्सअ‍ॅपवर यायची, कोणीतरी ती वहीत उतरवायचं आणि जेवणाच्या पंगतीत हमखास वीस ताटं कमी पडायची. फॉर्म आला आणि ती ओरड थांबली. सगळ्यांनी पाठ थोपटली. मलाही वाटलं, छान झालं काम.

आता काकूंकडे येतो. नाव सांगत नाही, आणि कोणी ओळखू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत. ज्यांनी आपल्या गणपतीचे उकडीचे मोदक खाल्लेत, त्यांना अशा काकू प्रत्येक मंडळात असतात हे ठाऊक आहे. उकड काढायला पहाटे उठणाऱ्या, सगळ्या बायकांना हाताशी धरून काम उरकणाऱ्या. त्यांचे यजमान गेले. त्या वर्षी त्या गणपतीला आल्या नाहीत. आम्ही म्हटलं, दुःख ताजं आहे, साहजिक आहे. दिवाळीलाही आल्या नाहीत. संक्रांतीलाही नाहीत. फोन करावा असं प्रत्येकाला वाटलं, आणि दुसऱ्या कोणीतरी केला असेल असंही प्रत्येकाला वाटलं.

मार्चमध्ये त्या मला किराणा दुकानात भेटल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी म्हटलं, "काकू, तुमची फार आठवण येते सगळ्यांना. यंदा या हं." त्या म्हणाल्या, "अरे, मी येणारच होते. पण तुमच्या त्या फॉर्मनं मला आत घेतलंच नाही. ह्यांचं नाव घालावं तर खोटं, आणि न घालावं तर पुढं जाऊ देत नाही. तीनदा केलं बघ. मग म्हटलं, आता जोडप्यांनाच घेत असतील."

माझ्या लगेच लक्षात आलं. 'पती/पत्नीचं नाव' या चौकटीपुढं लाल चांदणी होती. लाल चांदणी म्हणजे हे भरलंच पाहिजे. ती मीच घातली होती. का घातली, ते मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

घरी येऊन नोंदी पाहिल्या. सगळं सुरळीत दिसत होतं. इतक्या नोंदण्या आल्या, इतके पैसे जमा झाले. अर्ध्यावरून परत गेलेला माणूस त्या आकड्यांत दिसतच नाही, कारण आम्ही फक्त पोचलेल्यांना मोजत होतो. कामाच्या ठिकाणी मी लोकांना काय मोजावं याचे सल्ले देतो. घरच्या मंडळात मात्र मीच हे विसरलो होतो.

आता थोडं तांत्रिक. सॉफ्टवेअरला दोन अंगं असतात. दुकानात मागं गोदाम असतं आणि पुढं गल्ला, तसं. मागच्या अंगात माहिती साठवली जाते, हिशेब होतात. पुढचं अंग आपल्याला दिसतं, त्यावरच आपण बोट ठेवतो. त्याला म्हणतात फ्रंटएंड. गोदाम कितीही नीट लावलेलं असलं तरी गिऱ्हाईक गल्ल्यावरूनच परत गेलं, तर त्या गोदामाचा त्याला काय उपयोग?

मला वाटलं, चांदणी काढायची म्हणजे पाच मिनिटांचं काम. प्रत्यक्षात तीन शनिवार-रविवार गेले. का गेले, ते ऐका, कारण ज्यांच्या घरी सॉफ्टवेअरवाले आहेत त्यांना "एवढंसं काम, एवढा वेळ कसा?" हा प्रश्न नेहमी पडतो.

पहिल्या वर्षी मी गणपतीचा फॉर्म लिहिला. संक्रांतीला घाई होती, म्हणून त्याचीच नक्कल करून थोडा बदल केला. शाळा सुरू झाली, तेव्हा आणखी एक नक्कल. मग स्वयंसेवकांसाठी चौथी. म्हणजे ती चांदणी चार ठिकाणी होती. शिवाय प्रत्येक फॉर्मचा नियम दोनदा लिहिलेला: एकदा तुमच्या फोनवर तपासायला, एकदा मागं सर्व्हरवर. आणि शेवटची गंमत म्हणजे, आचाऱ्याला जी यादी जायची, तीत जोडीदाराचं नाव रिकामं असेल तर ती ओळच गळायची. म्हणजे मी घाईघाईत नुसती चांदणी काढली असती, तर काकूंची नोंदणी झाली असती, त्या आल्या असत्या, आणि त्यांच्या नावाचं ताट नसतं.

आपल्याकडे गोडा मसाला वर्षाचा एकदाच करून बरणीत भरून ठेवतात. आमटीला तोच, भाजीला तोच, मसालेभाताला तोच. मीठ-मसाल्याचा अंदाज चुकला तर बरणी एकदा सुधारायची. मी काय केलं होतं, तर प्रत्येक पदार्थाला वेगळा मसाला कुटला होता. फ्रंटएंडची चांगली मांडणी म्हणजे मोठ्या अर्थानं ही बरणी. माणसाची माहिती विचारणारा तुकडा एकदाच लिहायचा आणि सगळ्या फॉर्मनी तोच वापरायचा. नियम एकाच जागी ठेवायचे, पुढच्या आणि मागच्या अंगानं तेच वाचायचे. पडद्यावरची वाक्यंसुद्धा एका फायलीत वेगळी ठेवायची, म्हणजे वाक्य सुधारायला प्रोग्रामरची वाट पाहावी लागत नाही. याला कोणी कंपोनंट म्हणतं, कोणी आणखी काही. नावाला महत्त्व नाही. सुधारणा महाग असली की ती पुढं ढकलली जाते आणि माणसं अडत राहतात, महत्त्व आहे ते याला.

पुढचा मोह मोठा होता. सगळं मोडून नव्यानं लिहावं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हा मोह होतो. तेव्हा मी स्वतःला नेटस्केपची आठवण करून दिली. तुमच्यापैकी काहींनी नव्वदच्या दशकात इंटरनेट पहिल्यांदा पाहिलं ते नेटस्केपमधूनच. त्यांची चौथी आवृत्ती १९९७ साली आली. मग बराचसा जुना कोड बाजूला सारून नव्यानं लिहायचं ठरलं. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही, सहावी यायला २०००चा नोव्हेंबर उजाडला. तोवर गिऱ्हाईक मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरकडे वळलं होतं. त्या मेहनतीतूनच पुढं २००४मध्ये फायरफॉक्स उभा राहिला, हेही खरं. पण नेटस्केपला त्याचा उपयोग झाला नाही.

दुसरा रस्ता आहे. आपल्याकडे जुन्या झाडाच्या बेचक्यात वडाचं बी पडतं आणि वड हळूहळू त्या झाडाभोवती वाढतो, ते तुम्ही पाहिलं असेल. मार्टिन फाउलर या तज्ज्ञानं ऑस्ट्रेलियात अशीच झाडं पाहिली आणि २००४ साली जुनं सॉफ्टवेअर बदलण्याच्या पद्धतीला त्यांचं नाव दिलं. जुनं चालू ठेवायचं, त्याच्या शेजारी नवं एकेक भागानं वाढवायचं, आणि जो भाग नव्यानं पेलला तेवढाच जुना काढायचा. आम्ही सर्वांत छोटा, संक्रांतीचा फॉर्म आधी बदलला. मग शाळेचा. गणपतीचा सगळ्यात शेवटी, कारण तिथं चूक परवडत नाही.

पण फॉर्मच्या मागची मांडणी सुधारली म्हणजे तो वापरायला सोपा झाला, असं नाही. तो कुठं अडतो हे मला कसं कळणार? मी तर तो आठ वर्षं पाहतोय. जेकब नील्सन या तज्ज्ञानं २००० साली एक गणित मांडलं: एकाच तऱ्हेच्या पाच माणसांना तुमच्यासमोर वापरायला दिलं, तर साधारण ८५ टक्के अडचणी कळतात. पन्नास माणसं लागत नाहीत. पाच बोलवा, दुरुस्त करा, पुन्हा पाच बोलवा. तऱ्हा वेगळ्या असतील तर प्रत्येक तऱ्हेतून थोडी माणसं घ्या.

मी पाच जणांना बोलावलं. अर्थातच काकू. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या एक आजी. पुण्याहून नुकताच शिकायला आलेला एक मुलगा. दोन लहान मुलांची आई, जिला एका हातानंच फोन वापरता येतो. आणि दारात उभं राहून नावं तपासणारा आपला एक स्वयंसेवक. प्रत्येकाच्या शेजारी बसलो, एकच सांगितलं, "यंदाच्या गणपतीला नाव नोंदवा," आणि तोंड बंद ठेवलं. श्रोतेहो, त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम तेच होतं. "अहो, तिथं नाही, खाली बघा" हे शब्द जिभेवर येतात आणि ते गिळावे लागतात. कारण रात्री अकरा वाजता माणूस घरी एकटा फॉर्म भरत असतो, तेव्हा मी शेजारी नसतो.

काय काय दिसलं, सांगतो.

आजींनी आपलं नाव मराठीत लिहिलं. फॉर्म म्हणाला, "नावात फक्त अक्षरं चालतील." आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग ही काय आहेत?" मी फक्त ए ते झेड एवढीच अक्षरं मान्य केली होती. मराठी मंडळाच्या फॉर्ममध्ये! तो नियम बदलला, सगळ्या भाषांची अक्षरं चालतील असा केला, तरी आजींचं नाव नाकारलंच. कारण युनिकोडच्या लेखी 'क' हे अक्षर आहे, पण काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नव्हेत, ती चिन्हं. ती वेगळी मान्य करावी लागतात. आणखी एक गंमत. आपल्याला 'श्री' हे एक अक्षर दिसतं, संगणक ते चार मोजतो: श, हलन्त, र आणि दीर्घ ई. नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली की आपली माणसं दहा-बारातच संपतात.

नावाचाच दुसरा घोळ. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीन चौकटी होत्या. मधल्या चौकटीत आजींनी यजमानांचं नाव लिहायचं की वडिलांचं, आणि पासपोर्टवर तर वेगळंच काही. इथल्या सरकारची गव्ह डॉट यूके ही वेबसाइट २०१२ पासून आहे, आणि फॉर्म कसे असावेत याच्या त्यांच्या सूचना कोणालाही वाचता येतात. त्यांचा सल्ला आहे की शक्य तिथं पूर्ण नावासाठी एकच चौकट ठेवा. ठेवली. घोळ संपला.

दोन मुलांच्या आईनं पैसे भरायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. तिनं पुन्हा दाबलं. परीक्षा होती म्हणून खरे पैसे गेले नाहीत, पण दरवर्षी खजिनदाराकडे "दोनदा पैसे गेले" अशा तक्रारी का येतात, ते त्या क्षणी कळलं. माणसाच्या धीराचे जुने ठोकताळे आहेत. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर मिळालं तर ते लगेच झाल्यासारखं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते. दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. आमचं बटण सहा सेकंद गप्प होतं. काम सहा सेकंदांचंच राहिलं तरी चालेल, पण बटणानं तत्काळ सांगायला हवं की "तुमचं ऐकलं, थांबा," आणि दुसऱ्यांदा दाबलं तरी पैसे एकदाच जायला हवेत.

काकूंनी फोनवरची अक्षरं मोठी करून ठेवली आहेत. तेवढ्या मोठ्या अक्षरांत आमचं 'पुढे' हे बटण पडद्याबाहेर गेलं होतं. मी कायम माझ्या तीक्ष्ण मोठ्या पडद्यावर पाहत आलो होतो. वेबवरच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात की अक्षरं दुप्पट केली तरी सगळं वापरता आलं पाहिजे, आणि साध्या मजकुराच्या व त्यामागच्या रंगाच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढा फरक हवा. आमचा सुंदर फिकट केशरीवरचा पांढरा मजकूर त्यात सपशेल नापास झाला.

आणि ती चांदणी. काकूंच्या शेजारी बसून मी पहिल्यांदा स्वतःला विचारलं, की जोडीदाराचं नाव आपल्याला हवंय कशाला? बराच विचार केल्यावर आठवलं. ताटं मोजायला! नाव असेल तर दोन ताटं, इतकंच. ताटांचा आकडा हवा होता आणि त्यासाठी मी माणसाच्या संसाराची चौकशी करत होतो. आता फॉर्म विचारतो, "तुमच्यासह एकूण किती जण येणार?" बस. एकटं असो, जोडपं असो, पाच विद्यार्थी एका घरात राहणारे असोत, कोणालाही स्वतःची कहाणी सांगावी लागत नाही.

तुम्ही म्हणाल, मंडळाचा फॉर्म तो, मोठ्या ठिकाणी असं होत नसेल. २०२०च्या ऑगस्टमधली सिटीबँकेची गोष्ट ऐका. रेव्हलॉन कंपनीच्या कर्जावरचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज सावकारांना द्यायचं होतं. मुद्दल जायचं नव्हतं, ते बँकेच्याच एका अंतर्गत खात्यात वळवायचं होतं. त्यासाठी पडद्यावरच्या तीन चौकटी भरायला हव्या होत्या. भरली एकच, 'मुद्दल' लिहिलेली, कारण वाचणाऱ्याला तेवढी पुरेशी वाटणं अगदी स्वाभाविक होतं. तीन माणसांनी तपासलं, तिघांनाही बरोबर वाटलं, आणि जवळजवळ ९० कोटी डॉलर बाहेर गेले. काही सावकारांनी सुमारे ५० कोटी परत द्यायला नकार दिला. खटला चालला, २०२१च्या फेब्रुवारीत निकाल बँकेच्या विरुद्ध गेला, २०२२च्या सप्टेंबरमध्ये अपिलात फिरला. ते सॉफ्टवेअर होतं फ्लेक्सक्यूब. ते घडवणाऱ्या आय-फ्लेक्स कंपनीचं ठाणं आपल्या मुंबईत होतं, पुढं ती ऑरेकलनं घेतली. तेव्हा हा विषय आपल्या माणसांपासून फार लांबचा नाही. आपल्या घराघरांतली मुलं-मुली असले पडदे बनवतात, आणि तपासणारी माणसंही आपलीच असतात.

सिटीबँकेची चूक ९० कोटींची होती म्हणून जगानं पाहिली, कोर्टानं पाहिली. काकूंची कोणीही पाहिली नाही. त्या कोर्टात गेल्या नाहीत, तक्रारही केली नाही. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि आपल्याला आता तिथं जागा नाही असं समजून घेतलं. अडलेला माणूस बहुतेक वेळा सॉफ्टवेअरला दोष देत नाही. "मला जमत नाही" म्हणतो आणि निघून जातो. आपल्यासारख्या परक्या देशात राहणाऱ्या लोकांसाठी, ज्यांचे सण, शाळा, दवाखाना, बँक सगळं त्या पडद्यामागं गेलंय, ही गोष्ट लहान नाही.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सांगतो. आई-वडील भारतातून आले असतील आणि फोनवर अडले असतील, तर हातातून फोन ओढून "द्या इकडे" म्हणू नका. "तुम्हाला काय होईल असं वाटलं होतं?" एवढं विचारा. अडचण नेमकी कुठं आहे ते त्या उत्तरात सापडतं. दुसरं, कुठलाही फॉर्म अडला तर कळवा. आमचा असो, शाळेचा असो, डॉक्टरांचा असो. कुठल्या पानावर, काय केलं, काय दिसलं, तीन ओळी पुरतात. आणि जे माझ्याच धंद्यात आहेत त्यांना विनंती, की महिन्यातून एक तास आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाशेजारी गप्प बसा. आणि प्रत्येक लाल चांदणीला विचारा, तू इथं कशाला आहेस? आमच्या फॉर्ममध्ये अकरा होत्या. चार उरल्या.

गेल्या गणपतीला काकू आल्या. नोंदणी त्यांनी स्वतः केली. 'एकूण किती जण' या चौकटीत त्यांनी एक लिहिलं. मग दुसऱ्या दिवशी परत जाऊन तीन केलं, कारण शेजारच्या दोन विद्यार्थिनींनाही बरोबर आणायचं त्यांनी ठरवलं होतं. भरलेली नोंदणी बदलता यावी, ही सूचनाही त्यांचीच होती. मोदकांच्या उकडीला पाणी कमी पडलंय हे त्यांनी आल्या आल्या आम्हाला सुनावलं, ते वेगळं.

यंदाची नोंदणी लवकरच सुरू होतेय. अडलात तर मला सांगा. नमस्कार.